सातही चर्चमध्ये तोच पाय

लेन पिकर्सगिलने आयुष्यात कुणाला तोंडावर वाईट म्हटलं नव्हतं, आणि त्यापायी त्याचं बरंच नुकसान झालं होतं.

उंच, जरासा वाकून चालणारा, पन्नाशी ओलांडलेला हा माणूस उभी हयात सहलीच्या बस चालवत होता. त्याच्या बसमध्ये बहुतेक सगळ्या पेन्शनीतल्या बायका असत. रस्ता चुकला तर तो माइकवरून सांगे, "मंडळी, आज तुम्हाला मुद्दाम जरा आडवाटेने नेतोय, इथलं रान फार सुंदर आहे." हॉटेलात गरम पाणी नसलं तर थंड पाण्याने कातडी कशी तुकतुकीत राहते ते सांगे. बायका उतरताना त्याच्या हातात टॉफ्या ठेवून जात.

मग त्याच्या डोळ्यांत दोष निघाला आणि बसची नोकरी सुटली. कंपनीच्या साहेबाला तो म्हणाला, "बरोबरच आहे तुमचं." पुढे घरमालक चहाला आला आणि म्हणाला, "लेन, पोराचं लग्न ठरलंय रे, तुझी खोली लागेल." लेन म्हणाला, "अरे वा! अभिनंदन! माझी काही अडचण नाही." एवढं म्हणून थांबला नाही, तर नवऱ्या मुलाचं कपाटसुद्धा त्याने जिन्यावरून वर चढवून दिलं. त्यानंतर तो आपल्या जुन्या मोटारीत राहायला गेला. गाडी चालवायची परवानगी गेली होती, पण गाडीत झोपायला परवानगी लागत नाही. डिसेंबरात विथर्नलीच्या किनाऱ्यावर समुद्राचं वारं सुरू झालं आणि एका सकाळी काचेच्या आतल्या बाजूला बर्फ दिसला, तेव्हा तो बॅग उचलून चर्चच्या दारात उभा राहिला.

विथर्नलीत हिवाळाभर सात चर्च मिळून बेघरांची रात्रीची सोय करायची. एकेका चर्चचा एकेक वार. सोमवारी मेथडिस्ट, मंगळवारी सेंट ऑस्वल्ड, मग कॅथलिक, मग क्वेकर, शुक्रवारी बॅप्टिस्ट, आणि शनिवार-रविवार उरलेली दोन. संध्याकाळी सातला हॉलचं दार उघडायचं, जेवण व्हायचं, घडीच्या खाटा मांडायच्या. सकाळी चहा-टोस्ट खाऊन, बॅग पाठीला मारून पुढच्या चर्चची वाट धरायची. येणाऱ्यांना 'पाहुणे' म्हणायचं असा नियम होता. पाहुणे डझनभर होते.

आणि या पाहुण्यांना सातही चर्चमध्ये एकच जेवण मिळत होतं. शेफर्ड्स पाय. खाली खिमा, वर कुस्करलेला बटाटा, ओव्हनमध्ये भाजून आणलेला मोठा ट्रे. सोमवारी पाय. मंगळवारी पाय. रविवारीही पाय. प्रत्येक चर्चला वाटे, की ही आपलीच खास कल्पना. आदल्या रात्री काय वाढलं होतं हे कुणी कुणाला विचारत नसे.

जानेवारीतल्या एका सकाळी नगर वाचनालयात, हीटरजवळच्या खुर्च्यांवर, हा विषय फुटला. फोडला रॉझने. रॉझ साठीची, बुटकी, लाल केसांची. तिने चाळीस वर्षं बारमागे उभं राहून दारुड्यांना घरी पाठवलं होतं, आणि तो आवाज अजून तसाच होता.

"काल रात्री मला स्वप्न पडलं," ती म्हणाली. "मी मेले. वर गेले. फाटकावर सेंट पीटर उभे. म्हणाले, ये रॉझ, जेवून घे. ताट उघडलं तर काय?"

"पाय," फर्गस म्हणाला. फर्गस ग्लासगोचा, छपरं शाकारणारा, तिशीतला. पाठ दुखावल्यापासून कामाविना होता. एरवी दिवसाला चार शब्द बोलायचा.

"पाय! मी म्हटलं, मला खाली पाठवा. खाली तरी काहीतरी भाजलेलं मिळेल."

"शू!" ग्रंथपालबाई लांबून म्हणाल्या.

"तुम्हाला काय जातंय शू करायला," रॉझ पुटपुटली. "मला एवढंच म्हणायचंय, की कुणीतरी त्यांना सांगायला हवं."

सांगायला हवं हे खरं, पण सांगणार कोण आणि कसं? लोक आपणहून येतात, दिवसभर उभं राहून रांधतात, आपल्या चादरी घरी नेऊन धुतात. त्यांना काय म्हणायचं? बाई, तुमचं फुकटचं जेवण आम्हाला आवडत नाही?

"लेन सांगेल," फर्गस म्हणाला.

"मी?" लेन दचकला.

"तूच," रॉझ म्हणाली. "तुझा कोट स्वच्छ आहे. तुझं बोलणं लोण्यासारखं. अरे, भर हिवाळ्यात बस बंद पडली तर म्हाताऱ्यांना ढकलायला लावून वर त्यांच्याकडून टॉफ्या खाणारा माणूस तू!"

"ढकलायला नव्हतं लावलं. फक्त उतरायला सांगितलं होतं."

"तेच ते. सोमवारी अॅक्रॉइडबाईंपासून सुरुवात कर."

आणि लेन, अर्थातच, नाही म्हणू शकला नाही.

थेल्मा अॅक्रॉइड म्हणजे मेथडिस्ट चर्चच्या स्वयंपाकघराची सम्राज्ञी. वय ऐंशीच्या आसपास, अंगकाठी चिमणीएवढी, एप्रन घोट्यापर्यंत. तिच्या कपाटातला एक चमचा इकडचा तिकडे झाला तरी रविवारच्या प्रार्थनेत तिचं लक्ष लागत नसे. पायच्या बटाट्यावर ती काट्याने नक्षी काढायची. समुद्राच्या लाटा, त्यावर एखादी होडी. नवरा मच्छीमार बोटीवर होता, त्याची आठवण असावी.

सोमवारी सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर लेन उठून तिच्या खिडकीशी गेला. मागे टेबलाशी अकरा माणसं श्वास रोखून बसली.

"मिसेस अॅक्रॉइड, तुमच्या या पायबद्दल जरा बोलायचं होतं."

तिचा हात छातीवर गेला. "का रे? मीठ कमी पडलं का?"

"नाही, नाही. मीठ नाही."

"खिमा चिवट लागला? बाळा, मी त्या खाटकाला सांगत होते..."

लेनने पाहिलं, की तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. बटाटे सोलताना कापला असणार. पोत्यातले अर्धे बटाटे तिने एकटीने सोलले होते. तिचे डोळे निळे, पाणीदार, आणि त्याच्या तोंडाकडे लागलेले. लेनने एक मोठा श्वास घेतला.

"मला म्हणायचं होतं, की असा पाय मी जन्मात खाल्ला नाही."

थेल्माबाईंचे गाल गुलाबी झाले. त्यांनी ट्रेच्या कोपऱ्यातला, कुरकुरीत कडांचा सगळ्यात मोठा तुकडा काढून त्याच्या ताटात ठेवला. तो टेबलाशी परतला तेव्हा फर्गसने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

"शाबास," रॉझ दात चावत म्हणाली. "आता दुसरं ताट कोण खाणार?"

तेवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. पण थेल्माबाई दुसऱ्या दिवशी केस सेट करायला गेल्या, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत सेंट ऑस्वल्डच्या हिलरी बॉसवर्थ बसल्या होत्या. हिलरी निवृत्त न्यायाधीशांची बायको, गळ्यात मोत्यांची माळ, बोलणं असं की समोरच्याने उभं राहून ऐकावं. थेल्माबाईंनी सहज, अगदी सहज, सांगून टाकलं, की तो लेन नावाचा सभ्य माणूस आहे ना, तो म्हणाला असा पाय त्याने जन्मात खाल्ला नाही.

त्या रात्री सेंट ऑस्वल्डच्या पायवर चीज आलं.

"लेन," हिलरीबाई त्याच्या डोक्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हाला अन्नातलं कळतं असं ऐकते. आमचा कसा वाटला?"

"याला," लेन म्हणाला, "स्वतःचं व्यक्तिमत्त्व आहे."

पुढच्या मंगळवारी चीजचे प्रकार चार झाले. कॅथलिकांच्या कानावर गेलं, त्यांनी पायात कांद्याची पात घातली. बॅप्टिस्टांनी मधोमध मटारचा हिरवा थर दिला. क्वेकर मंडळी शांत, त्यांना कुणाशी स्पर्धा करायची नव्हती. त्यांनी फक्त खिमा काढून त्या जागी मसुरा घातल्या. सातही चर्चमध्ये लेनचं ताट आधी वाढलं जाऊ लागलं आणि सात जोड डोळे आळीपाळीने त्याच्या तोंडाकडे बघू लागले. तो कुणाला "मनापासून केलंय हे कळतं" म्हणे, कुणाला "यात एक धाडस आहे" म्हणे. रोज एक नवं वाक्य शोधता शोधता त्याच्या डोक्याला मुंग्या येत.

"आग विझवायला पाठवला," रॉझ वाचनालयात म्हणाली, "आणि हा गडी तेलाचा डबा ओतून आला."

"त्यांचे चेहरे बघ ना एकदा, रॉझ. तू असतीस तर..."

"मी असते तर सांगितलं असतं. तुझी अडचण काय आहे ते मला कळलंय. समोरच्याचं तोंड उतरलेलं तुला बघवत नाही. मग त्यापेक्षा तू रस्त्यावर झोपशील."

ते वाक्य त्याला दुपारभर खात राहिलं. रॉझने ते चिडवायला म्हटलं होतं, पण तो खरोखरच त्यामुळे रस्त्यावर आला होता. मालकाला तो फक्त एवढं म्हणाला असता, की "मला दोन महिने लागतील"... पण मालकाचा चेहरा किती आनंदात होता!

फेब्रुवारीत थंडी कडाडली. एका शुक्रवारी बॅप्टिस्ट चर्चच्या माळ्यावरची पाण्याची नळी गोठून फुटली आणि ऐन संध्याकाळी हॉलचं छत खाली आलं. कुणाला लागलं नाही. बॅप्टिस्टांचे तरुण पाद्री गिडियन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी हिलरीबाईंना फोन लावला, की आजच्या रात्रीपुरता तुमचा हॉल द्या. तो मिळाला. पण गिडियन पाद्री भिडस्त आणि घाबरट. पाहुण्यांच्या जेवणाचं काय, या काळजीने त्यांनी आणखी एक फोन केला. मग दुसरा. मग, न जाणो म्हणून, उरलेल्या सगळ्यांना. प्रत्येक ठिकाणाहून एकच उत्तर आलं, "तुम्ही निश्चिंत राहा, मी काहीतरी पाठवते."

सातच्या सुमारास पाहुणे सेंट ऑस्वल्डच्या लांब टेबलाशी हात चोळत बसले होते. हिलरीबाईंनी त्यांचा ट्रे आणून ठेवला. चार प्रकारच्या चीजचा. तेवढ्यात दार उघडलं आणि बर्फाळ वाऱ्याबरोबर थेल्माबाई आत आल्या, हातात ट्रे, बटाट्यावर लाटा आणि होडी.

"अगं बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" हिलरीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात साखर होती, पण मोठे खडे होते.

"त्रास कसला. गरम गरम घरचं असलेलं बरं."

पुन्हा दार उघडलं. कांद्याची पात. पुन्हा उघडलं. मसुरा. शनिवारवाल्या दोघी बहिणी एक ट्रे दोघींत धरून आल्या. रविवारवाल्यांचे नवरेच आले, मोटारीत ट्रे कलंडून एक बाजू बोडकी झाली होती. शेवटी खुद्द गिडियन पाद्री आले, नखशिखान्त भिजलेले, आणि छातीशी त्यांनी मटारचा हिरवा पाय असा धरला होता, जणू पुरातून लेकरू वाचवून आणलंय.

टेबलावर सात ट्रे ओळीने लागले. रॉझने तोंडावर हातमोजा दाबला. तिचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. फर्गस छताकडे बघू लागला.

प्रत्येकजण आपापल्या ट्रेमागे उभा होता.

"तर मग," हिलरीबाई म्हणाल्या, "लेननेच सांगावं. सुरुवात कुठून करायची?"

लेन उठला. त्याने नेहमीसारखं तोंड उघडलं. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सातही ट्रेंकडे पाहिलं, आणि प्रत्येकासाठी एकेक गोड वाक्य शोधलं. एकही सापडलं नाही. डोकं कोरं करकरीत.

"मला हे खाववत नाही," तो म्हणाला.

आपणच बोललो हे त्याला आवाज ऐकल्यावर कळलं.

"काय म्हणालात?"

"पाय. मला आता खाववत नाही. आमच्यापैकी कुणालाच नाही. डिसेंबरपासून रोज रात्री हाच खातोय, सातही ठिकाणी. आम्हाला याचा वीट आलाय हो."

गिडियन पाद्रींच्या पँटमधून फरशीवर पाणी गळत होतं, तेवढाच आवाज.

"सातही ठिकाणी?" शनिवारवाल्या थोरल्या बहिणीने विचारलं.

"सातही," रॉझ म्हणाली. तिला बिचारीला आता बोलायला श्वास सापडला होता. "तुमचा, यांचा, त्यांचा. मसुरांचासुद्धा पायच."

"पण माझ्यावर चार प्रकारचं चीज होतं," हिलरीबाई म्हणाल्या.

"होतं," लेन म्हणाला. "दोन पुरली असती. आणि तुमच्या हॉलमधल्या उशा दगडासारख्या आहेत. आणि सकाळचा तो टोस्ट..."

"लेन, बस," रॉझने त्याची बाही ओढली. "सगळ्या जन्माचं आजच नको."

तोवर थेल्माबाई गुपचूप वळून स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. तो त्यांच्यामागे धावला. त्या सिंकवर वाकल्या होत्या, पाठ हलत होती.

"मिसेस अॅक्रॉइड, माफ करा मला. मी असं बोलायला नको होतं. तुमच्या त्या होड्या फार सुंदर असतात, खरंच..."

त्या वळल्या. रडत नव्हत्या. हसून हसून त्यांना धाप लागली होती.

"वॉल्टर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझा नवरा, त्याला पायचा वास आला तरी तो बोटीवर जाऊन बसायचा. आणि मलासुद्धा आवडत नाही रे तो! लहानपणापासून नाही. दर सोमवारी मी इथे पाय वाढते आणि घरी जाऊन डबाबंद सूप पिते."

"मग करता कशाला?"

"पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, त्या लोकांना असलंच आवडतं. गरम, मऊ, पोटभर. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या."

"त्या लोकांना?" लेन म्हणाला.

थेल्माबाईंचं हसू ओसरलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याचा स्वच्छ कोट, बसवाल्यासारखा नीट पाडलेला भांग.

"हो. त्या लोकांना," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तुला एकदा विचारावं, हे या म्हातारीला एवढ्या हिवाळ्यात सुचलं नाही. शरमेची गोष्ट आहे ही."

मग त्यांनी खुंटीवरचा लाकडी डाव काढला, हॉलमध्ये गेल्या आणि हिलरीबाईंच्याच ट्रेच्या कडेवर तो खाडकन हाणला.

"ऐका रे सगळे! तुम्हाला खायला काय आवडतं?"

वाचनालयात तासन्‌तास मटणाच्या आणि माशांच्या गप्पा मारणारी ही माणसं, पण आता एकेकाची मान खाली गेली. कुणी विचारेल अशी सवयच राहिली नव्हती. आवडीचं बोलून दाखवणं कपडे काढल्यासारखं वाटत होतं. लेनने आठवायचा प्रयत्न केला, तर त्याला फक्त बसमधल्या बायकांना काय आवडायचं ते आठवलं.

"अंडी," फर्गस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तळलेली. बलक पातळ हवा. आणि चिप्स. जाड फोडींच्या. ताज्या तळलेल्या."

"धुरी दिलेला हेरिंग मासा," रॉझ म्हणाली. "वर लोण्याचा गोळा."

"बीटचं सूप," कोपऱ्यातून पोलिश झ्बिग्न्येव म्हणाला. "पण माझी आई करायची तसं नको. ती फार वाईट करायची."

"काहीही चालेल," म्हातारा आल्बी ओरडला, "पण चावायला लागलं पाहिजे! दात आहेत मला! नऊ!"

मग जो गलका उठला, त्याला आवर घालता घालता गिडियन पाद्रींचे कपडे अंगावरच वाळले. सोमवारी अंडी की मासा, यावरून रॉझ आणि फर्गस हमरीतुमरीवर आले. आल्बीला सगळ्यांच्या आधी आतड्यांची भाजी हवी होती आणि तिला कुणीच पाठिंबा देत नव्हतं. शनिवारवाल्या बहिणी कोण काय म्हणतंय ते ऐकायला टेबलावर कोपरं टेकून पाहुण्यांमध्येच बसल्या. हिलरीबाई मात्र माळ सावरत आपल्या कोटात शिरल्या आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेल्या.

एवढं सगळं झालं तरी तिथे खायला दुसरं काही नव्हतं. त्या रात्री सगळ्यांनी पायच खाल्ला. फर्गसने तीनदा घेतला.

हिलरीबाई पुढचे दोन मंगळवार आल्या नाहीत. न्यायाधीशसाहेबांना पाठवलं. त्यांना चहा करता येत नव्हता, पण पत्ते उत्तम यायचे, आणि रॉझने त्यांना दोन्ही वेळा हरवलं. तिसऱ्या मंगळवारी बाई स्वतः आल्या, पिवळा भात आणि मासा घेऊन, आणि नव्या उशा. लेनने भात खाल्ला. बाई लांबून बघत होत्या.

"भात थोडा गिच्च झालाय," लेन म्हणाला.

"पुढच्या वेळी पाणी कमी घालते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाच आश्चर्य वाटलं.

पण या सगळ्याआधी, त्या शुक्रवारनंतरचा पहिला सोमवार होता थेल्माबाईंचा. अंडी आणि चिप्स. एवढ्या माणसांना ताज्या चिप्स म्हणजे एक मोठी कढई, आणि मोठी कढई म्हणजे धूर. पहिलाच घाणा बाहेर आला आणि छतावरची आगीची घंटा किंचाळायला लागली. नियम म्हणजे नियम. सगळ्यांना बाहेर काढलं. बर्फात पाहुणे आणि स्वयंसेवक खांद्यावर घोंगड्या घेऊन, हातात ताटं धरून उभे राहिले. आगीचा बंब आला. आग नाही हे बघून बंबवाल्यांनी टोप्या काढल्या, आणि वास घेऊन त्यांच्यातला एकजण म्हणाला, "उरल्यात का?"

"मिसेस अॅक्रॉइड," लेन ताटातली एक फोड मोडून बघत म्हणाला, "या आतून कच्च्या आहेत."

"कच्च्या?" त्या त्याच्या ताटावर वाकल्या. "बरं मग! आत ये आणि स्वतः तळ. मोठा आलाय!"

घंटा थांबली तेव्हा तो खरोखरच आत गेला. बाह्या सारून कढईपाशी उभा राहिला. थेल्माबाईंनी आपल्या कपाटातला झारा त्याच्या हातात दिला. गेल्या कित्येक वर्षांत तो कुणा पाहुण्याच्या हातात गेला नव्हता.

"तुला कुणी आहे का रे?" तळता तळता त्यांनी विचारलं.

"बहीण आहे. आयरीन. लिंकनला असते."

"तिला माहीत आहे?"

"ती नाताळात फोनवर म्हणाली, कसा आहेस? मी म्हटलं, मजेत."

"अच्छा. माझा पाय खाऊन म्हणाला होतास तसं."

लेन कढईत बघत राहिला. "तसंच," तो म्हणाला.

थेल्माबाईंनी आपल्या एप्रनला हात पुसले, भिंतीवरचा फोन खाली घेतला आणि त्याच्यासमोर धरला. दुसऱ्या हाताने झारा काढून घेतला.

नंबर लावायला त्याला वेळ लागला. पलीकडे आयरीनचा आवाज आला. लेनने घसा खाकरला.

"आयरीन, मी. नाही, काही झालं नाही. म्हणजे, झालंय. मला घर नाहीये, आयरीन. उन्हाळ्यापासून नाहीये."

मग आयरीनने सुरुवात केली. तिने लेनचा मूर्खपणा काढला, त्याचा बुळेपणा काढला, त्याने लहानपणी शेजारच्या पोराला आपली सायकल देऊन टाकली होती ती काढली, आणि मध्येच रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लेनने फोन कानापासून लांब धरला. सगळं स्वयंपाकघर ऐकत होतं. बंबवाला तोंडातली चिप चावायचा थांबला.

"बरोबर बोलतेय बाई," रॉझ दारातून म्हणाली.

पुढच्या रविवारी आयरीन आणि तिचा नवरा केनेथ मोटार घेऊन आले. त्यांच्या घरी माळ्यावर एक छोटी खोली होती, कपडे शिवायच्या यंत्रासाठी ठेवलेली. आयरीनने यंत्र खाली आणलं होतं. लेनने सगळ्यांचा निरोप घेतला. फर्गसने त्याचा हात इतका जोरात दाबला, की बोटं दुखली. रॉझ म्हणाली, "जा आता, आणि तिथे सगळं गोड मानून घेऊ नकोस." थेल्माबाईंनी त्याच्या कोटाची कॉलर उगाचच नीट केली.

गाडी गावाबाहेर पडली. केनेथ सज्जन माणूस, पण गाडी चालवणं म्हणजे त्याची स्टिअरिंगशी कुस्ती. चढावर गाडी धापा टाकायला लागली. मागच्या सीटवर लेनने गुडघ्यांवर हात घट्ट दाबून धरले.

"केनेथ," तो शेवटी म्हणाला, "तू गिअर फार उशिरा बदलतोस."

"मग तूच चालव की."

"मला दिसत नाही."

"मग गप्प बस."

आयरीन खिडकीकडे तोंड करून हसत होती. लेन गप्प बसला, पण पुढच्या चढापर्यंतच.